पाटणची मितिनी

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुकट निवडणं. शुक्रवार होता. मी जुम्मा पढून आलो, जेवलो, आणि तिने जमिनीवर पेपर पसरून सुकट ओतली. गावाहून आलेला एक माणूस देऊन गेला होता, त्यामुळे वाळू, काड्या, बारके शिंपले सगळं त्यात. तिने डोकी मोडायची आणि मी कचरा काढायचा अशी वाटणी. मला जवळचं नीट दिसत नाही. मी कचऱ्याबरोबर चांगली सुकट पण फेकायचो, आणि बायको ती उचलून परत ढिगात टाकायची.

समोर पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला. फोनमध्ये पाटण चाललेलं.

पाटण म्हणजे साताऱ्याकडचं नव्हे, नेपाळातलं. काठमांडूला लागूनच आहे, ललितपूर पण म्हणतात. आम्ही दोघं तिथे कधी गेलो नाही. तरी माझी बायको तिथल्या गल्ल्या जेद्दाच्या गल्ल्यांपेक्षा जास्त ओळखायची. जेद्दात ती बाहेर पडायची कुठे? गुडघे गेले होते आणि चार जिने उतरायचे.

हे कसं झालं ते सांगतो.

मी सुतार. रत्नागिरीच्या खाडीकडचा, चौथी शिकलेला. बलदमध्ये, म्हणजे जुन्या जेद्दात, चार-चार मजली जुनी घरं आहेत आणि त्यांना पुढे काढलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या आहेत. रोशन म्हणतात त्यांना. त्या दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. आमच्या कारखान्यात एक पाटणचा सुतार आला, माझ्या मुलाच्या वयाचा, मला मूल असतं तर. जातीने नेवार. नेवार म्हणजे त्या शहराचे जुने लोक, त्यांची भाषा पण वेगळी. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या हातातले खिळे बघितले.

“चाचा, हे कशाला?” हिंदीत विचारलं. आमचं सगळं हिंदीतच चालायचं.

मी म्हटलं, “जाळी काय थुंकीने चिकटवू?”

तो हसला नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने सागाच्या पट्ट्या घेतल्या, त्यांना खाचा पाडल्या आणि एकमेकींत अडकवत अडकवत वीतभर जाळी उभी केली. खिळा नाही, सरस नाही. शेवटची पट्टी आत सरकवली आणि जाळी माझ्याकडे फेकली. मी हलवली, आपटली. हलेना. त्याच्या गावात देवळांच्या, घरांच्या खिडक्या अशाच करतात म्हणाला. आतली बाई सगळं बघते, बाहेरच्याला काही दिसत नाही.

“मग आमच्या रोशनसारखंच की.”

“रोशन तुमची कधी झाली? तुम्ही तर रत्नागिरीचे.”

असा तो. उद्धट नव्हे, सरळ. मला माझ्यासारखा माणूस भेटला म्हणून मी त्याला घरी जेवायला नेला, आणि मग तो माझा राहिलाच नाही, तिचा झाला. तो चाची म्हणायचा, ती त्याला बाबू म्हणायची. अकरा वर्षं त्याचा दुपारचा डबा आमच्याकडून गेला.

मग सौदी लोकांना कामं द्यायचा कायदा कडक झाला. ज्या दुकानात सौदी माणसं कमी, ते दुकान लाल. लाल दुकानातल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढे होत नाही. आमचा कारखाना लाल झाला. कफीलने, म्हणजे मालकाने, मला कसाबसा आपल्या दुसऱ्या दुकानावर घेतला, कारण मी त्याच्या बापाच्या वेळचा. बाबूला नाही घेतला. त्याच वेळी बायकापोरांवर दर महिन्याचा कर आला. आमच्या बिल्डिंगमधली कुटुंबं एकेक करून खुरूज घेऊन गेली. खुरूज म्हणजे कायमचं जाणं, परत यायचं नाही. जिन्यावर रोज कुणाची तरी बांधलेली खोकी. “तुमची कधी?” हेच एकमेकांना विचारायचे. आमची पण ठरत होती. मी आज-उद्या करत होतो.

बाबू गेला तो बऱ्या वेळेला गेला. भूकंपात त्यांची देवळं पडली होती, घरं टेकू लावून उभी होती, आणि कोरीव काम येणारे हात थोडे. त्याला लगेच काम मिळालं. आणि पहिल्याच शुक्रवारी त्याने व्हिडिओ लावला.

“चाची, काय बघायचं?”

ही म्हणाली, “तू रोज कामावर ज्या वाटेने जातोस ती दाखव.”

तेव्हापासून दर शुक्रवारी. इथे माझं जेवण व्हायचं तेव्हा तिथे संध्याकाळचं ऊन असायचं. तो फोन छातीशी धरून चालायचा आणि ही इथे बसून त्याला वाट सांगायची. डावीकडे वळ. त्या ठेंगण्या दारातून आत जा. दार इतकं ठेंगणं की फोन पण वाकायचा, आणि आत एकदम मोठा चौक, मधे छोटं देऊळ, भोवती घरं, दोरीवर कपडे, धान्य वाळत घातलेलं. असे चौक किती, मोजता येणार नाहीत. एकातून दुसऱ्यात वाट. तांब्याच्या मूर्ती घडवणाऱ्यांची एक आळी होती, तिथे सगळीकडून टक टक टक. ही म्हणायची, जरा थांब रे बाबू, ऐकू दे. राजवाड्याच्या चौकातलं दगडी देऊळ तिला फारसं आवडलं नाही, जड आहे म्हणाली. तिला आवडल्या जमिनीत खाली उतरून बांधलेल्या पाण्याच्या धारा. दगडी मगरीच्या तोंडातून पाणी, आणि बायका घागरी घेऊन रांगेत. आमच्या गावच्या पऱ्ह्यावर, ओढ्यावर पण असंच, तिथे मगर नाही इतकंच. आणि एका सोन्याने मढवलेल्या देवळाच्या अंगणात कासव फिरायचं. ते दिसलं नाही तर ती बाबूला पुढे जाऊ द्यायची नाही.

मी म्हणायचो, “देवळं बघत बसलीस गो. मुसलमान ना तू?”

“मी कासव बघतेय. कासवाला धर्म विचारू?”

बाबूची आई या फिरण्यातच भेटली. म्हातारी, चौकाच्या पायरीवर लसूण सोलत बसलेली. बाबूने फोन तिच्यापुढे धरला. ती नेवारीत काहीतरी बोलली, ही कोकणीत बोलली. एकीचं एकीला कळलं नाही. दोघी हसल्या. पुढच्या शुक्रवारी म्हातारी आधीच येऊन बसलेली, डोक्याला तेल लावून. मग बाबूचं फिरणं कमी आणि या दोघींचं बोलणं जास्त. बाबू मधे बसून हिंदी करायचा, पण दोघी त्याच्यासाठी थांबायच्याच नाहीत.

एकदा बाबू जरा लाजत म्हणाला, “चाची, आई म्हणते तुझी मितिनी होणार.”

मितिनी म्हणजे बांधलेली मैत्रीण. त्यांच्यात दोन बायका रीतसर मैत्रीण बांधतात, मग जात बघायची नाही, धर्म बघायचा नाही. सख्ख्या बहिणीसारखं नातं. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, मितिनीच म्हणायचं. आणि एक मेली तर दुसरीने सुतक पाळायचं, त्या दिवसांत मीठ खायचं नाही.

मी मधे पडलो. “हे आपल्यात बसत नाही. टिळेबिळे नकोत.”

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबू, आईला सांग, मी कबूल.”

“अगो, मी काय सांगतोय?”

“मी देवाला नाही हो म्हटलं. बाईला म्हटलं.”

म्हातारीने दह्यात कालवलेले लाल तांदूळ घेतले आणि फोनवरच हिच्या कपाळाला म्हणून लावले. आमच्या फोनमध्ये सगळं लाल झालं, काही दिसेना. बाबू आईवर ओरडतोय, आमा, फोन नवा आहे. हिने डोक्यावरून पदर घेतला, एक खजूर घेतला आणि काचेला टेकवला. झाली मितिनी. मी चहा करायला उठलो. मला हसायचं नव्हतं.

खुरूज घेतलं की गावी जाताना वाटेत काठमांडूला उतरायचं, आठ दिवस राहायचं, असं दोघींचं ठरलेलं. मी हो-हो करत होतो.

तर त्या शुक्रवारी सुकट निवडून झाली. फोनवर म्हातारीने नवीन लोणचं दाखवलं, हिने सुकट दाखवली. म्हातारीने नाक दाबलं. ही हसता हसता खोकायला लागली आणि मला म्हणाली, “मी जरा पडते, तुमी पेपर गोळा करा.” मी पेपर गोळा केला, झाडू मारला. आत गेलो तर तिला श्वास पुरत नव्हता. खालच्या मजल्यावरच्या केरळी माणसाने गाडी काढली. संध्याकाळच्या मगरिबच्या अजानेआधी ती इस्पितळात गेली. म्हणजे वारली. मी साधं सांगतो, पण मला अजून तो शब्द बोलायला वेळ लागतो.

कागदपत्रांना चार दिवस गेले. मंगळवारी असरच्या नमाजानंतर दफन केलं. तिला आंघोळ घालायची तेव्हा मला विचारलं होतं. आम्ही शाफई, आमच्यात नवरा बायकोला शेवटची आंघोळ घालू शकतो. मी नाही म्हटलं. बायका घालतील म्हटलं आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

मग शुक्रवार आला. फोन वाजला. मी उचलला तर बाबू नव्हे, थेट म्हातारीचं तोंड. केस विंचरलेले, कपाळाला टिळा, वाट बघत असलेली. तिने माझ्या मागे बघितलं, हिला शोधत. म्हणाली, “मितिनी?”

मला वारली म्हणायचं होतं. आणि तोंडातून काय निघालं, तर “खुरूज.”

तो शब्द बाबूला पाठ होता. बाजूला उभ्या बाबूने ऐकला आणि तो म्हणाला, “काय? चाची गेली? अचानक?”

“हो. कर वाढतोय. मी म्हटलं जा तू पुढे.”

हे त्याला खरं वाटलं. का नाही वाटणार? त्या दोन वर्षांत ज्याची बायको दिसायची नाही ती खुरूजवर गेलेली असायची. दुसरं कारणच कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मी दुसरं काहीही खोटं बोललो असतो तर त्याने पकडलं असतं. मला खोटं बोलता येत नाही, अख्ख्या बलदला माहीत आहे. पण हे खोटं माझ्यासाठी शिजवून ठेवल्यासारखं होतं.

बाबूने आईला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल, न सांगता गेली म्हणून. ती टाळ्या वाजवायला लागली.

“आई म्हणते, बरं झालं. जेद्दातून यायला विमान लागतं. गावाहून आगगाडीने येईल.”

मी फोन ठेवला. मला वाटलं विसरतील. म्हातारं माणूस, किती दिवस लक्षात ठेवणार?

पुढच्या शुक्रवारी बाबूने वरच्या माळ्यावरची खोली दाखवली. चुना मारलेला. जाळीची खिडकी साफ केलेली. खाली चौक दिसतो, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आईने सांगितलंय म्हणाला, मितिनीला गुडघ्यांचा त्रास, म्हणून शिडीला नवा कठडा लावतोय. रंधा मारून ठेवलेला कठडा दाखवला. साल झाडाचं लाकूड, घट्ट. सुतार म्हणून मला त्यात एक दोष दिसला नाही.

“कसा आहे, चाचा?”

“बरा आहे,” म्हटलं.

त्या आठवड्यात मी जेवण असं जेवलो नाही. दुकानात एकाने खुर्ची आणली दुरुस्तीला, मी पायच उलटा बसवला. कफील म्हणाला, यल्ला, घरी जा, तुझी बायको गेलीय. त्याला खरं माहीत होतं. सगळ्या जेद्दाला माहीत होतं. फक्त त्या एका चौकात माहीत नव्हतं, आणि त्या चौकात माझी बायको जिवंत होती. माझ्या मनात हे पण होतं, लपवत नाही. निदान एका जागी तिच्यासाठी कठडा लागत होता.

तिसऱ्या शुक्रवारी बाबू म्हणाला, “चाचा, चाचीच्या गावचा नंबर द्या. आई म्हणते ती एकटी कशी येईल, तिला हिंदी पण धड येत नाही. मी रत्नागिरीला जातो आणि घेऊन येतो. सुट्टी काढलीय.”

म्हातारी बाजूला बसून मान हलवत होती. हातात एक दोरीची पिशवी, माझ्याकडे उघडून दाखवली. मुलाला वाटेत खायला पोहे भाजून ठेवलेले.

मी म्हटलं, “नको जाऊस.”

“का? मला काही त्रास नाही.”

“गावी कोणी नाही, बाबू.”

तो म्हणाला, “चाची कुठे आहे?”

“इथेच. जेद्दात. मातीत.”

त्याने आईला काही सांगितलं नाही. त्याचं तोंड बघून तिनेच ओळखलं. ती पिशवी खाली ठेवून फोनमधून बाजूला गेली. मला नुसती भिंत दिसत होती. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी हातोड्याची टक टक चाललेली. बऱ्याच वेळाने ती परत आली. कपाळ पुसलेलं. तिने एक प्रश्न विचारला.

“आई विचारते, किती दिवस झाले?”

“एकवीस.”

त्याने सांगितलं. ती माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलली. बाबू हिंदी करायला तयार होईना. मी म्हटलं, सांग, जे असेल ते सांग.

“ती म्हणते, एकवीस दिवस मी मीठ खाल्लं.”

माझी बायको गेल्यावर इतक्या जणांनी मला समजावलं, सबर कर म्हणाले. रागावलं कुणी नाही. त्या बाईचा राग मला हवा होता असं मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, “आमाला सांग, चूक माझी. मला तुझ्या आईला ते सांगवेना.”

बाबू रडत होता. म्हातारीच एकेक विचारत गेली आणि तो जमेल तसं सांगत गेला. शेवटचं काय खाल्लं? सांगितलं. पाणी कोणी दिलं? मी दिलं. त्रास झाला का? थोडा. आणि मग, तिला आंघोळ कोणी घातली? केस कोणी विंचरले?

“बायकांनी,” मी म्हटलं.

“कोणत्या? तिच्या ओळखीच्या?”

“माहीत नाही.”

“तू विचारलं नाहीस?”

बाबूने हे विचारताना मान खाली घातली. म्हातारीने घातली नाही. मी म्हटलं, “नाही विचारलं.” ती म्हणाली, तिला तीन दिवस सुतक आहे, आज संध्याकाळपासून. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेलो नाही. ज्या मशिदीला लागून मय्यत धुवायची जागा आहे तिथे गेलो, बसने आणि मग चालत. पुरुषांचं दार पुढे, बायकांचं मागे. मागच्या दारावर एक सुदानी म्हातारा बसलेला. म्हणाला, इथे पुरुष नाही. मी म्हटलं, मला आत जायचं नाही, विचारायचंय. माझी अरबी म्हणजे बाजारातली. त्याला वाटलं मी कुणाची मय्यत आणलीय. शेवटी त्याने दारावर थाप मारली आणि आतून एक बाई आली. दार किलकिलं ठेवून आडोशाला उभी राहिली. हात दिसत होते, काळे, पाण्याने सुरकुतलेले.

मी सांगितलं. अठरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, हिंदुस्तानी बाई, ठेंगणी, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तू धुतलीस का तिला?

“मंगळवारी मीच होते.”

“मग आठवते का?”

“नाही आठवत, बाबा. रोज येतात. खोटं कशाला सांगू?”

तिने विचारलं, “तू कोण?”

“नवरा.”

“तू का नाही आलास आत?”

“भ्यालो.”

तिने आपल्या ओढणीचं टोक दाराबाहेर काढलं, त्याचे दोरे सोडवले. “ती आठवत नाही. पण मी कसं करते ते सांगते. सगळ्यांचं तसंच करते.” पाणी कोमट घेते. उजव्या अंगाने सुरुवात करते. केस सोडते, धुते, बोटांनी गुंता काढते, ओढत नाही. आणि केसांचे तीन भाग करून तीन वेण्या घालते, मागे सोडते. बोलता बोलता तिने त्या दोऱ्यांची वेणी घालून दाखवली. एक झाली, दुसरी झाली. तिसरी घालताना तिची बोटं थांबली नाहीत, माझ्याकडे न बघता ती घालत राहिली.

मी म्हटलं, अल्ला तुला बरं ठेवो. तिने दार लावलं.

बाहेर फुटपाथवर बसून मी पाटणला फोन लावला. नेहमी ते लावायचे, मी पहिल्यांदा लावला. बाबू पाणी भरायला गेलेला असणार, कारण म्हातारीनेच उचलला. फोन उलटा धरलेला, आधी तिची हनुवटी दिसली. मग तोंड आलं. हिंदी करायला कोणी नव्हतं. मी आपला मराठीतच बोलायला लागलो, पाणी कोमट होतं, आमा, गरम नव्हे, कोमट. तिला काही कळत नव्हतं. मग मी फोन गुडघ्यावर टेकवला, तीन बोटं दाखवली, आणि दोन्ही हातांनी हवेत वेणी घातली. मला येत नाही, पण आत्ताच बघितली होती. एक घातली. दुसरी घातली.

म्हातारी फोनच्या जवळ आली आणि तिसरी घालायला तिनेही हात उचलले.